दसरा की महाशिवरात्र

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रघुवीर पोतनीस यांच्या बाटलीतून अकरा कॅप्सूल निघाल्या. निघायला हव्या होत्या आठ.

तुकोगंज भागातल्या एका क्लिनिकच्या दुसऱ्या मजल्यावर ही मोजणी चालली होती. वल्लरीनं कॅप्सूल निळ्या ट्रेमध्ये ओतल्या, पट्टीनं दोन-दोन करून सरकवल्या, गोळा केल्या आणि पुन्हा सरकवल्या. अकराच. बाटलीत एकशे वीस असतात, आठ आठवड्यांत एकशे बारा पोटात जातात, आठ परत येतात. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून रघुवीररावांची ही सातवी मोजणी होती आणि आधीच्या सहाही वेळा आठच परत आल्या होत्या. रघुवीरराव दर वेळी खुर्ची जवळ ओढून हे मोजणं बघत. वीज मंडळाच्या मीटर तपासणीत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. दुसऱ्यानं मोजलेलं आपल्या आकड्याशी जुळलं की त्यांना अजूनही जेवण झाल्यासारखं वाटे.

"काका, तीन डोस राहिले का?" वल्लरीनं विचारलं.

"एकही नाही."

"होतं हो कधी कधी. मी तीन लिहून टाकते, नो इश्यू."

"लिहू नकोस." रघुवीररावांनी पिशवीतून वही काढली. उजवा हात थरथरत होता म्हणून डाव्यानं पान उघडलं. "एकशे बारा खुणा आहेत. मोजून घे. तुमच्या कंपनीनंच एकशे तेवीस भरल्या असतील."

शेजारच्या खुर्चीत शाम मोघे बसले होते. रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेले, रघुवीररावांच्याच राजेंद्र नगरात दोन गल्ल्या सोडून राहणारे. दोघांना पार्किन्सन निघाला तो सहा महिन्यांच्या अंतरानं, आणि नव्या औषधाच्या चाचणीत दोघं एकाच आठवड्यात आले. शामरावांचा चेहरा गेल्या वर्षभरात ताठत चालला होता. ते विनोद करत, पण तोंडावर काही उमटत नसे, त्यामुळे अनोळखी माणूस घाबरून जाई.

"माझी मोज बेटा," ते म्हणाले. "ह्याच्या तीन वाढल्या, माझ्या तर डबल झाल्या असतील. कंपनी दिलदार दिसते."

शामरावांच्या बाटलीतून पाच निघाल्या.

"मी तीन जास्त खाल्ल्या? अरे भिया, इतक्या काही चवदार नाहीत त्या." भैयाचं शामरावांच्या तोंडी भिया झालं होतं.

रघुवीररावांनी मनात बेरीज केली. अकरा आणि पाच सोळा. आठ दुणे सोळा. चूक सापडल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. "बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे ह्याच्या तीन माझ्या बाटलीत आल्या. बाटल्या आमच्याकडे वेगवेगळ्या घरांत असतात. एकत्र येतात फक्त ह्या टेबलावर. वल्लरी, घोटाळा तुझ्या हातून झालाय."

वल्लरीचा चेहरा पडला. पोरीची नोकरी अशाच मोजण्यावर होती. मागच्या बाकावर रघुवीररावांच्या शशिकलाबाई आणि शामरावांच्या अंबिकाबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. शशिकलाबाईंना ते बघवलं नाही.

"तिचं नका हो नाव घेऊ," त्या म्हणाल्या. "परत भरताना माझ्याच हातून झालं असेल. मध्येच फोन वाजला."

"कशातून परत भरताना?"

"डब्यातून."

"कुठल्या डब्यातून?"

शशिकलाबाईंनी अंबिकाबाईंकडे पाहिलं. अंबिकाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. बाटल्यांची झाकणं लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी, दाबून फिरवायची. थरथरत्या हाताला ती उघडत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन्ही घरांतली औषधं बायकांच्याच ताब्यात होती. दर रविवारी शशिकलाबाई सात खणांची डबी भरून नवऱ्यापुढे ठेवत. ती कशातून भरली हे बघायची गरज रघुवीररावांना कधी वाटली नव्हती.

"दोघांच्या एकत्र करतो आम्ही," शशिकलाबाई म्हणाल्या. "स्टीलच्या डब्यात. मग निम्म्या-निम्म्या."

वल्लरीनं पेन खाली ठेवलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

*

ही चाचणी कशाची, हे रघुवीररावांना चाचणीतल्या कुठल्याही रुग्णापेक्षा जास्त ठाऊक होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी डॉ. ऋषभना पाऊण तास बसवून ठेवलं होतं.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. कुणी हुकूम द्यावा लागत नाही, त्या आपल्या आपण टिकटिकत राहतात, सेकंदाला दोन-चार वेळा, जन्मभर. प्रत्येक टिकटिकीला पेशीच्या भिंतीतली बारीक दारं उघडतात. आयन चॅनल म्हणतात त्यांना. त्यातून कॅल्शियम आत शिरतं आणि आत शिरलेलं कॅल्शियम पेशीला उपसून बाहेर टाकावं लागतं. उपसायला शक्ती लागते. साठ-सत्तर वर्षं हा उपसा चालवून पेशी थकतात, मरतात, आणि हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हे एक कारण, एकमेव नव्हे. पण नवी कॅप्सूल ह्याच दारावर बसवलेली होती. दार जरा कमी उघडावं, उपसा कमी पडावा, उरलेल्या पेशी टिकाव्यात.

"म्हणजे गळती," रघुवीरराव तेव्हा म्हणाले होते.

"बिलकुल, अंकल. लीकेज समझ लीजिए."

"पण अमेरिकेत रक्तदाबाच्या जुन्या गोळीवर हाच प्रयोग झाला होता. तीन वर्षं. काही फरक पडला नाही."

डॉक्टर हसले होते. "आप पढ़के आए हैं. वो दवा सब जगह थोड़ी-थोड़ी लगती थी. ये इसी चॅनल को ज़्यादा पकड़ती है. काम करेगी कि नहीं, वही तो देखना है."

निम्म्या रुग्णांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला काय, हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, वल्लरीलाही नाही. दोन वर्षं नियमानं पुरी करील त्याला मात्र पुढं खरी कॅप्सूल मिळणार होती, आधी काहीही मिळालेलं असो. त्यासाठीच शामराव सही करायला तयार झाले होते. "दो साल झूठी खाऊ, फिर सच्ची," ते म्हणाले होते. "बायको करताना पण इतकं थांबलो नव्हतो."

आता डॉ. ऋषभ टेबलाशी उभे होते आणि हसत नव्हते.

"आंटीजी, कब से?"



"थोडे दिवस झाले," अंबिकाबाई पुटपुटल्या.

"थोडे मतलब?"

शशिकलाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात वल्लरी मध्ये बोलली. नियमांचं जाडजूड बाड तिनं उघडलं होतं आणि ती त्यातच बघत होती. "सर, कधीपासून ते रुग्णांनी स्वतः लिहून द्यायचंय. वेगवेगळं, आपापल्या शब्दांत. एकमेकांना विचारून नाही." मग तिनं पान उलटलं आणि त्याच सुरात वाचलं, "अदलाबदल शेवटच्या आठ आठवड्यांतली असेल तर कंपनी रुग्णाला ठेवू शकते. त्याहून जुनी असेल तर रुग्ण बाद."

हे तिनं कामाचा भाग म्हणून वाचलं की आणखी कशासाठी, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"शुक्रवार सुबह तक लेटर दे दीजिए," डॉक्टर म्हणाले. "तब तक नई बॉटल नहीं दे सकता. सॉरी."

"डॉक्टरसाहेब, एक सांगा," रघुवीरराव म्हणाले. "कुणाच्या बाटलीत काय होतं?"

"मुझे ही नहीं पता, अंकल. कोड लॉक है. जान पर बन आए तभी खुलता है, वरना पूरी ट्रायल ख़तम होने के बाद. अगले साल सितंबर."

"आम्हाला बाद केलं तरी?"

"तब भी."

*

चौघं एकाच रिक्षानं येत आणि एकाच रिक्षानं जात. पलासियाच्या चौकात रिक्षा अकरा मिनिटं अडकली. रघुवीररावांनी घड्याळ पाहिलं होतं.

"एक चांगलं झालं," शेवटी शामराव म्हणाले. "इतके दिवस मी विचार करत होतो, आपल्याला खरी की खोटी. आता दोन्ही खाल्ल्या. माझी काही तक्रार नाही."

"तू गप बस," रघुवीरराव म्हणाले.

"गपच तर बसतोय, भिया. माझं तोंड हलतं कुठं?"

अंबिकाबाई पदरात तोंड खुपसून हसल्या की रडल्या, ते रिक्षाच्या आवाजात समजलं नाही.

घरी आल्यावर रघुवीररावांनी चपलाही काढल्या नाहीत. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. साडेपाच महिने. आठ आठवड्यांत कुठल्याही हिशेबानं न बसणारे.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं?"

"नसतं करू दिलं."

"मग?"

त्यांचं हे "मग" रघुवीरराव लग्नापासून बेचाळीस वर्षं ऐकत आले होते. ते ओरडले. माझ्या वहीचं काय, म्हणाले. चारशे माणसं देशभर ह्या चाचणीत आहेत, त्यांच्या आकड्यांत आपण घाण कालवली, म्हणाले. सील तोडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर दंड करत आलो आणि माझ्याच घरात, असंही म्हणाले. शशिकलाबाईंनी कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो होतो त्यांच्याकडे. शामभाऊजींना सोफ्यावरून उठता येईना. तुम्ही हात दिला, आठवतं? आणि मग बसून काय बोललात? पोटऱ्या दाखवल्या सगळ्यांना. म्हणे ही सूज बघा, ही खऱ्या औषधाची खूण. म्हणे आठ महिन्यांत माझं अक्षर फक्त तीन मिलिमीटर घटलं. नव्वद टक्के मला खरी आहे. शामभाऊजींच्यासमोर बोललात हे. त्यांच्या पायाला काही सूज नव्हती. अंबिका आत येऊन ओट्याशी उभी राहिली. रडली पण नाही. नुसती उभी."

रघुवीररावांना ते आठवलं. सूज आठवली, आलेख आठवला. खोली शांत झाली ते आपल्याला कौतुक वाटलं होतं, हेही आठवलं.

"चोवीस वर्षं झाली आपण दोन घरांचा वर्षाचा गहू एकत्र घेतो," शशिकलाबाई म्हणाल्या. "पोती खाली करतो, एकत्र ढीग घालतो, मग वाटतो. का? एका पोत्यात चांगला निघाला आणि एकात खडे, तर एकानं वर्षभर खडे खायचे काय? मला तर त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. अंबिका आधी नाही म्हणत होती. मीच ओतल्या."

"गहू वेगळा आणि हे वेगळं."

"तुमच्या वहीत वेगळं असेल."

*

दुपारी त्यांनी वही उघडली. रोज सकाळी सव्वासातला, पहिल्या कॅप्सूलच्या आधी, ते एकच वाक्य लिहीत: मीटर तपासले, सील शाबूत. मग वाक्याची लांबी मोजून समोर मांडत. ह्या आजारात अक्षर बारीक होत जातं, त्यामुळे लांबी म्हणजे आजाराचंच माप, अशी त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी चौऱ्याण्णव मिलिमीटर. दसऱ्याला एक्क्याण्णव. आज नव्वद.

त्यांनी आलेखावर दसऱ्याच्या दिवशी लाल उभी रेघ मारली. डावीकडे दोनशे सव्वीस दिवस, उजवीकडे एकशे सहासष्ट. खरी कॅप्सूल आपल्याला होती आणि ती काम करत होती, तर रेघेच्या उजवीकडे उतार जास्त तीव्र व्हायला हवा. तो झाला नव्हता. रेघ नसती तर इथं काही घडलं हे कुणालाही कळलं नसतं.

मग त्यांनी कागद घेतला. शक्यता एक: मला खरी होती, पण ती काहीच करत नाही. शक्यता दोन: मला पोकळ होती, शामला खरी, आणि सूज आपली उगाच. डॉक्टर म्हणालेच होते, सूज पोकळवाल्यांनाही येते. शक्यता तीन: निम्म्या मात्रेनंही भागतं. शक्यता चार: दोघांच्या बाटल्यांत एकच माल होता, दोन्ही खऱ्या किंवा दोन्ही पोकळ, मग डब्यात ओतल्यानं काडीचा फरक पडलेला नाही. ह्या चौथीचीच शक्यता पन्नास टक्के. आणि बाटल्या वेगळ्या असतील तर कुठल्याही दिवशी दोन्ही खऱ्या मिळण्याची शक्यता पाव, एकही न मिळण्याची पाव. कुठल्या दिवशी काय मिळालं हे कुणालाही, कधीही सांगता येणार नव्हतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कोड उघडला तरी नाही.

त्यांनी पेन्सिल फेकली. ती फ्रिजखाली गेली. वाकून काढायला चार मिनिटं लागली आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

अंबिकाबाई आल्या होत्या. बसल्या नाहीत.

"भाऊजी, तुम्हाला काही बोलायचा माझा हक्क नाही," त्या म्हणाल्या. "पण ते बाहेर पडले तर संपलं हो. पुढं काय आहे त्यांच्याकडे? दोन वर्षं झाली की खरी मिळणार, ह्यावर रोज सकाळी उठतात ते. बटण लावायला वीस मिनिटं लागतात, तरी म्हणतात, बस, फेब्रुवारीपर्यंत. तुम्ही महाशिवरात्र लिहा ना. महिना झाला फक्त. वल्लरीनं वाचलं ते ऐकलंत ना? तिनं आपल्यासाठीच वाचलं."

"आणि शाम काय लिहिणार?"

"त्यांना मी सांगेन. पण ते म्हणतात, विचारून लिहायचं नाही असं ठरलंय. हसतात नुसते. म्हणजे, हसत असतील असं वाटतं."

रघुवीररावांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. अंबिकाबाई गेल्यावर शशिकलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. हेच रघुवीररावांना सगळ्यात जड गेलं. भांडायला तरी कुणी हवं होतं.

*

गुरुवारी पाडवा. दोन्ही घरांचं पाडव्याचं जेवण गेली कित्येक वर्षं एकत्र होत आलं होतं. यंदा पोतनिसांकडे पाळी होती आणि रद्द करायचं कुणाला सुचलं नाही. शामरावांना श्रीखंड चमच्यानं खाता येत होतं, पुरी तोडता येत नव्हती. अंबिकाबाई तुकडे करून देत होत्या.

"लिहिलंस?" शामरावांनी विचारलं.

"अजून नाही. तू?"

"मीही नाही. विचारून लिहायचं नाही ना?"

"नाही."

"मग कशाला विचारतोस?"

"तूच विचारलंस."

"मग ठीक," शामराव म्हणाले आणि वाटी पुढं केली. "वहिनी, श्रीखंड वाढा. ह्यात तरी भेसळ नाही ना?"

शशिकलाबाईंनी डाव हातात घेऊन त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. अंबिकाबाईही हसल्या. रघुवीररावांना ह्या तिघांचा राग आला. आपण एकटेच ह्या घरात गंभीर आहोत, असं त्यांना वाटलं, आणि मग शामरावांची मान बाजूला कलत कलत खुर्चीच्या पाठीला टेकली, आणि ती सरळ करायला अंबिकाबाईंना उठावं लागलं, ते त्यांनी पाहिलं.

दुपारी साडेतीनला ते लिहायला बसले. नोकरीत त्यांनी हजारो अहवाल लिहिले होते. एकात एक आकडा बदलावा म्हणून एका बड्या गिऱ्हाइकानं त्यांची बदली करवली होती. मंदसौरला तीन वर्षं काढली, पण आकडा बदलला नव्हता. आता चार ओळी लिहायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. हात थरथरत होता हे एक कारण. ‘माझ्या व श्री. मोघे यांच्या कॅप्सूल घरच्या मंडळींकडून अजाणता एकत्र झाल्या. हे महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू झाले. तत्पूर्वीच्या सर्व कॅप्सूल मी माझ्याच बाटलीतल्या घेतल्या आहेत.’ सही करून त्यांनी पाकीट चिकटवलं. शशिकलाबाईंना वाचायला दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी दोन पाकिटं वल्लरीच्या टेबलावर पोहोचली.

*

शनिवारी बारा वाजून वीस मिनिटांनी फोन आला.

"काका, एक प्रॉब्लेम आहे," वल्लरी म्हणाली. "तुमच्या आणि मोघे काकांच्या पत्रात तारीख वेगळी आहे. तुम्ही महाशिवरात्र लिहिलंय. त्यांनी दसरा लिहिलंय."

रघुवीररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जणू त्या कानानं वेगळं ऐकू येणार होतं.

"काका? आहात ना?"

"आहे."

"दोन्ही पत्रं मला कंपनीला पाठवावीच लागली. त्यांनी कळवलंय, दोघांनी मिळून एका कागदावर लिहून द्या, कोणतं पत्र बरोबर. सोमवारी पाचपर्यंत. मग ते ठरवतील." ती जरा थांबली. "काका, मी काही सांगू शकत नाही तुम्हाला. प्लीज मला काही विचारू नका."

दोन गल्ल्यांचं अंतर रघुवीरराव एरवी सहा मिनिटांत चालत. त्या दिवशी अकरा लागली, पाय जमिनीला चिकटत होते. शामराव अंगणात उन्हात बसले होते.

"दसरा का लिहिलंस?" रघुवीररावांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"कारण दसराच होता."

"अंबिकावहिनींनी तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं ना. रात्रंदिवस सांगत होती. मी म्हटलं, हा पोतनीस खरं सोडून काही लिहिणारच नाही. ह्याचा हातच तसा नाही. मी महाशिवरात्र लिहायची आणि ह्यानं दसरा, मग खोटा कोण ठरणार? मी ठरलो तरी चालेल, पण कंपनीवाले तुझी वही पण खोटी धरतील. वर्षभर मोजत बसलायस, भिया. म्हटलं, जाऊ द्या, ह्याच्यासारखं खरं लिहावं." ते थांबले. बोलताना त्यांना आता मध्ये मध्ये थुंकी गिळावी लागे. "तू काय लिहिलंस?"

रघुवीररावांनी सांगितलं.

शामरावांचा चेहरा हलला नाही. खांदे मात्र हलायला लागले. आधी रघुवीररावांना वाटलं, झटका आला. मग कळलं, हसताहेत.

"एकदा," शामराव म्हणाले. "आयुष्यात एकदा खोटं बोललास, ते पण असं!"

"हसू नकोस. आपण दोघंही बाहेर जाऊ."

"तर मग मी लिहितो ना. माझी चूक झाली, दसरा नव्हता, महाशिवरात्र होती. माझी आठवण गेली म्हण. कुणीही मानेल, तोंड बघून."

"म्हणजे तू खरं लिहिलंस ते खोटं ठरवायचं, आणि माझं खोटं खरं."

"त्यात काय? रेल्वेत रोज व्हायचं."

दारात अंबिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "लिहा ना मग," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कुणीतरी एक लिहा! एकाला खरेपणाचं वेड, दुसऱ्याला मस्करीचं. आम्ही दोघींनी साडेपाच महिने एक शब्द न बोलता निभावलं, आणि तुम्हा दोघांना चार ओळी सारख्या लिहिता येईनात?"

रघुवीररावांना अंबिकाबाईंचं बरोबर वाटलं आणि त्याचाच संताप आला. शामनं दिलेली सवलत घेतली तर दोघं राहतात. फेब्रुवारीत शामच्या हातात खरी कॅप्सूल पडते. घेतली तर चारशे माणसांच्या आकड्यांत साडेपाच महिन्यांचा गाळ कायमचा बसतो, आणि ही कॅप्सूल दार धरते की नाही, ह्याचं उत्तर त्या चारशेंना आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना तेवढं चुकीचं मिळतं. हे त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवलं.

"दोन माणसांनी किती चुकेल?" शामरावांनी विचारलं.

रघुवीररावांनी हिशेब केला. "फार नाही," ते म्हणाले. "अर्धा टक्का."

"आणि माझं?"



रविवारी सकाळी शामरावांना उठायला दोन माणसं लागली. कॅप्सूल बंद झाल्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. त्यामुळे झालं की आजारानं, हे अंबिकाबाईंनी फोनवर विचारलं. रघुवीररावांना सांगता आलं नाही, डॉक्टरांनाही आलं नाही. दुपारी चौघं पोतनिसांच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. शशिकलाबाईंनी कोरा कागद आणला आणि वर दोघांची नावं, रुग्णक्रमांक आणि तारीख घातली. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत त्याखाली काही लिहिलं गेलेलं नव्हतं. कंपनीला उत्तर सोमवारी पाचपर्यंत हवं आहे.